मुलाचा गेमिंग पीसी, मांडवीतले कॅसिनो आणि मतदान यंत्र

डिचोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला, रोज चार-पाच तास गेम खेळतो. आता लाखभराचा गेमिंग पीसी मागतोय, कारण म्हणे "गेम बनवायला शिकायचंय". नवऱ्याचं म्हणणं, सरकारने गेमवर बंदी घातलीय, मग कसलं करिअर? आणि सासरे म्हणतात, ते राहू दे, त्या सॉफ्टवेअरवाल्याला एवढंच विचार की मतदान यंत्र हॅक होतं की नाही. तिन्ही प्रश्न एका दमात पाठवून शेवटी त्यांनी लिहिलंय, "गोलगोल नको, तुमचं स्वतःचं मत सांगा."

ताई, सांगतो. बावीस वर्षं या धंद्यात काढली. त्यातली निम्मी पुण्या-बंगळुरूत गेली, उरलेली फोंड्यात घरी बसून. सासऱ्यांचा प्रश्न शेवटी घेतो, तो लांबणार आहे.

आधी पीसी. आत्ता घेऊ नका.

माझा भाचाही अकरावीतच आहे. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, २००२ च्या आसपास अकरावीत होती तेव्हा सरकारच्या सायबरएज योजनेतून आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. तिने त्यावर किती अभ्यास केला ते देवाला माहीत, मी सुट्टीत येऊन गाड्यांच्या शर्यती भरपूर खेळलो. त्यामुळे "मुलं अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळतात" ही तक्रार माझ्यासमोर कुणी केली की मी गप्प बसतो.

तर या भाच्याने गेल्या मे महिन्यात एक गेम लिहायला घेतला. विषय अस्सल आपला: खाजन म्हणजे खाडीकाठची शेतं, बांध, मानस म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार, आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे. कुर्ली नदीच्या बाजूने धावत येते, तिला बांधाशी अडवायचं, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. दोन आठवड्यांत चित्रं झाली, आवाज झाले, कुर्ली पळायलाही लागली. फक्त ती बांधाशी थांबेना. खाजनातल्या खऱ्या कुर्ल्या निदान बांध पोखरतात, याची कुर्ली न पोखरताच आरपार जायची. तेही प्रत्येक वेळी नाही. पाचांतल्या तीन-चार जायच्या, एखादी थांबायची. मित्राच्या नव्याकोऱ्या पीसीवर मात्र सगळ्या व्यवस्थित थांबायच्या. झालं, निष्कर्ष निघाला: "मामा, माझा लॅपटॉप स्लो आहे. नवा पीसी हवा."

मी शेजारी बसलो आणि त्याला कागद घ्यायला लावला. कुर्लीचा वेग सेकंदाला ६०० पिक्सेल. त्याचा जुना लॅपटॉप सेकंदाला २० चित्रं काढतो, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये कुर्ली ३० पिक्सेल पुढे सरकते. बांधाची जाडी १२ पिक्सेल. हा पठ्ठ्या प्रत्येक चित्राला एकच तपासत होता: कुर्लीचा मधला बिंदू बांधाच्या आत आहे का? एका चित्रात बिंदू बांधाच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे. आत तो कधी नव्हताच. मित्राचा पीसी सेकंदाला १४४ चित्रं काढतो, तिथे उडी चारेक पिक्सेलची, म्हणून कुर्ली दर वेळी सापडायची. त्याने चॅटबॉटला विचारलं होतं, तर त्याने बांध जाड करायला सांगितलं. जाड केला की जमायचं, मग पुढच्या पातळीत कुर्लीचा वेग वाढला की पुन्हा आरपार. खरा उपाय चार ओळींचा होता. कुर्ली आत्ता कुठे आहे एवढंच न बघता, मागच्या जागेपासून या जागेपर्यंत रेघ ओढायची आणि ती रेघ बांधाला छेदते का ते तपासायचं. दोन रेषांचा छेदनबिंदू दहावी-अकरावीच्या गणितात आहे. पोरगा वही उघडून बसला. त्या वर्षी गणिताची वही त्याने आपणहून उघडली ती पहिल्यांदा.

मुद्दा लक्षात आला असेल. ज्याला बनवायला शिकायचंय त्याला हळू चालणारं यंत्र फायद्याचं असतं. चुका लपत नाहीत. तुमच्या घरी जुना लॅपटॉप असेलच. विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून तो कपाटावर गेला असेल तर उतरवा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका, ते फुकट असतं. गोडो नावाचं गेम बनवायचं साधन आहे, २०१४ पासून खुलं आहे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. चित्रांसाठी नंतर ब्लेंडर, तेही फुकट. मुलाला सांगा, तीन महिन्यांत एक पूर्ण गेम करून दाखव. अगदी चेंडू आणि फळी असला तरी चालेल, पण सुरू होणारा, संपणारा आणि आजोबांना न शिकवता खेळता येणारा हवा. दाखवला तर पीसीचं बघू. दहातल्या आठांचा उत्साह "संपणारा" या शब्दापाशी ओसरतो, आणि त्यात वाईट काही नाही. त्यांना गेम खेळायला आवडतो, बनवायला नाही. मला भाकरी खायला आवडते, पीठ मळायला नाही.

चॅटबॉटबद्दल जाता जाता. मी रोज वापरतो. कंटाळवाणं, शंभरदा लिहिलेलं काम तो माझ्यापेक्षा भराभर करतो. पण "मला माहीत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून सहसा येत नाही, आणि नव्याने कामावर आलेल्या ज्या पोराला हे वाक्य म्हणता येत नाही त्याच्यावर मी निम्मं लक्ष ठेवून असतो. अकरावीच्या मुलाने त्याला उत्तर मागण्याऐवजी स्वतःचं उत्तर तपासायला द्यावं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. गेमवर बंदी आलेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली: रमी, पोकर, पैसे भरून क्रिकेटचे संघ लावणं वगैरे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. उलट ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या घाईत केलेला कायदा मला तत्त्वतः आवडत नाही. आम्ही एवढ्या घाईत कोड सोडला तर रात्री दोनला फोन वाजतो. तरीही या बंदीच्या बाजूने मी आहे, आणि का ते सांगायचं तर मला माझं एक जुनं पाप उघडं करावं लागेल.

बंगळुरूला असताना काही महिने मी पत्त्यांचं अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. नाव घेत नाही. मला काम मिळालं बक्षिसाच्या चाकाचं. तुम्ही पाहिलं असेल: रंगीत चाक, आठ भाग, बोटाने फिरवायचं, काटा जिथे थांबेल ते बक्षीस. आठही भाग सारखे, ४५ अंशांचे. बघणाऱ्याला वाटतं, मोठं बक्षीस मिळण्याची शक्यता आठात एक. प्रत्यक्षात तुम्ही बोट लावता त्या क्षणी फोन सर्व्हरला विचारतो, सर्व्हर एका यादीतून निकाल काढतो, आणि त्या यादीत मोठ्या बक्षिसाचं वजन हजारात एकाहूनही कमी. निकाल आधी येतो, चाक नंतर फिरतं. चाक म्हणजे नुसतं नाटक, तीन सेकंदांचं.

इथवर मी स्वतःला समजावलं होतं की लॉटरीचंही असंच असतं. मग मॅनेजरने पुढची मागणी केली. निकाल शेजारच्या भागाचा आला तर काटा त्या भागाच्या मधोमध थांबवायचा नाही. मोठ्या बक्षिसाच्या रेषेपासून दोन-तीन अंशांवर, थरथरत, आता पडतो की मग पडतो असा थांबवायचा. माणसाला वाटलं पाहिजे, थोडक्यात हुकलं. स्लॉट मशीनवाल्यांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मी ती थरथर लिहिली. चांगली लिहिली. पगारही घेतला. काही आठवड्यांनी बैठकीत आलेख दाखवला, "थरथर" घातल्यापासून लोक पुन्हा पुन्हा चाक फिरवत होते, आणि टाळ्या वाजल्या. त्यातल्या काही माझ्यासाठी होत्या.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. पडद्यावर काहीही फिरताना दिसलं की मी तिकडे बघत नाही. निकाल कुठे ठरला ते शोधतो.

आपल्या गोव्यात तर हे शिकायला बंगळुरूला जायची गरजच नव्हती. जत्रेत नाटकाला रंग चढला की मागच्या अंधारात जुगाराचं टेबल लागतं हे लहानपणी कुणी पाहिलं नाही? १९७६ चा आपला सार्वजनिक जुगार कायदा जुगाराला बंदी घालतो. १९९२ साली त्यात दुरुस्ती झाली, पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, पुढे जहाजांवर टेबलं आली, आणि आज पणजीत मांडवीच्या काठाने चाललं की पाण्यावर नुसती रोषणाई. फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला कॅसिनोत खेळायला मनाई आहे. हेतू चांगला. पण त्याच गोंयकाराच्या खिशातल्या फोनवर रमीचं टेबल रात्रंदिवस उघडं होतं आणि तिथल्या दारावरचा रखवालदार फक्त ओटीपी मागायचा. साडेपाच वर्षं हा विनोद चालला. माझ्या ओळखीत एका बँकेतल्या माणसाने याच फोनवर बायकोचे दागिने घालवले. बोटीवर जायला त्याला लाज वाटली असती.

म्हणून मी बंदीच्या बाजूने. पण ती पुरी पडली असं समजू नका. तुमचा मुलगा जे खेळतो ते "पैशांचे खेळ" नसतील, तरी त्यांतल्या बऱ्याच खेळांत बंद खोके विकत घेऊन उघडायची सोय असते: आत बंदुकीचा रंग, कपडे, नशीब असेल तर दुर्मीळ काहीतरी. तिथे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून कायद्याच्या डोळ्यांना तो जुगार वाटत नाही. बेल्जियमला वाटला, त्यांनी २०१८ मध्येच अशा खोक्यांना जुगार ठरवलं. मुलगा किती तास खेळतो हे मोजण्याआधी एक करा. त्याच्या गेमचं दुकान, म्हणजे जिथे नाणी आणि हिरे विकत मिळतात ते पान, त्याच्यासोबत बसून उघडा आणि गेल्या सहा महिन्यांची यूपीआयची नोंद बाजूला धरा. भांडू नका, नुसतं बघा. मुलगा गोळीबार करताना दिसतो म्हणून आईबाप घाबरतात. मी गोळीबाराला घाबरत नाही, मी त्या दुकानाला घाबरतो. गोळीबार बनवणाऱ्याला मुलाने जिंकावंसं वाटतं. दुकान बनवणारा मी होतो.

खेळ खेळ म्हणून उत्तमच असतात, हेही लिहून ठेवतो, नाहीतर मी गेमविरोधी म्हातारा ठरायचो. पुण्यातल्या छोट्या चमूने केलेला राजी हा गेम २०२० मध्ये आला. आपल्या मंदिरांच्या कोरीव कामातून, लघुचित्रांतून गेम उभा राहू शकतो हे त्यात दिसतं, मुलाला जरूर खेळू द्या. आणि गेमच्या धंद्यात नोकऱ्या आहेत, फक्त त्या मुलांना वाटतात तिथे नाहीत. ई-स्पोर्ट्सच्या खेळाडूचं आयुष्य क्रिकेटपटूपेक्षाही छोटं, आणि तेही सरकारच्या एका आदेशावर टांगलेलं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला, त्याचा भारतीय अवतार २०२१ च्या जुलैत आला, २०२२ च्या जुलैत तोही फोनच्या प्ले स्टोअरमधून गायब, २०२३ च्या मे मध्ये परत. त्या दहा महिन्यांत ज्या पोरांनी कॉलेज सोडून सराव केला होता त्यांनी काय केलं असेल? प्रोग्रामरला असं होत नाही. त्याची रेषा-छेदनबिंदूची अक्कल गेम बंद झाला तरी नकाशाच्या अ‍ॅपमध्ये चालते.

एका बाबतीत मात्र मी घरात हट्ट धरतो. काही ऑनलाइन खेळ फसवेगिरी पकडण्यासाठी आपलं पहारेकरी सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसवतात, संगणक सुरू होतानाच. तिथे बसणाऱ्याला सगळं दिसतं, आणि त्याची एक चूक सगळं पाडते. १९ जुलै २०२४ आठवतोय? एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या फाइलने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे पडले, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. ते सॉफ्टवेअर अशाच गाभ्यात बसलेलं होतं. म्हणून ज्या संगणकावर तुमचं बँकेचं काम होतं त्यावर असे खेळ नकोत. मुलाचा जुना लॅपटॉप वेगळा, त्यावर काय ते कर.

आता सासरे.

आजोबा, "हॅक होतं का" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यावर विश्वास ठेवू नका. माणसाने बनवलेल्या प्रत्येक यंत्रात गडबड करता येते. विचारायचं ते असं, की गडबड करायला किती हात लागतील आणि ती पकडायची सोय काय.

या बाबतीत आपण जुने जाणते आहोत. १९९९ ची विधानसभा निवडणूक सगळ्या मतदारसंघांत यंत्रावर घेणारं पहिलं राज्य गोवा. २०१७ साली चाळीसही मतदारसंघांत कागदी चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट लावणारंही आपणच पहिले. माझी बहीण शिक्षिका, सत्तरी तालुक्यात तिची निवडणुकीची ड्युटी लागली होती. पहाटे, मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान ५० मतांचं खोटं मतदान घ्यायचं, यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळवायचा, मग सगळं पुसून सील करायचं. संध्याकाळी एकूण किती मतं पडली त्याचा १७-सी नमुना एजंटांच्या हातात. ती सांगते, तिच्या केंद्रावर पहाटे दोनच एजंट आले होते, त्यातला एक जांभया देत. तपासायचा अधिकार असतो, पण पहाटे उठावं लागतं.

यंत्राला इंटरनेट नाही, वायफाय नाही. दुरून बटण दाबून निकाल फिरवला वगैरे कथा मोबाइलवर येतात त्या सोडून द्या. माझी भुवई उंचावते ती दुसरीकडे. व्हीव्हीपॅट आल्यापासून मतदानाच्या काही दिवस आधी उमेदवारांची चिन्हं त्यात बाहेरून भरावी लागतात. म्हणजे पूर्वी कारखान्यात कुणालाच माहीत नसायचं की कितवं बटण कुणाचं, ती भाबडी ढाल थोडी पातळ झाली. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण चिन्हं भरायची उपकरणं ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून ५ टक्के यंत्रं तपासून घ्यायचा हक्क दिला. म्हणजे न्यायालयालाही बोट नेमकं तिथेच ठेवावंसं वाटलं.

मग पकडायची सोय किती चांगली? दर विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. इथे गोव्याचं लहानपण कामाला येतं. मोठ्या राज्यात एका मतदारसंघात दोनशे-तीनशे केंद्रं असतात, आपल्याकडे साधारण चाळीस. समजा कुणी एका मतदारसंघात चाळीसातल्या चार केंद्रांत गडबड केली. पाच केंद्रं उचलल्यावर ती चारही निसटायची शक्यता सुमारे ५७ टक्के. नाणं उडवल्यासारखंच. पण सरकार फिरवायला एक जागा पुरत नाही. असंच पाच मतदारसंघांत केलं तर सगळीकडून सुटायची शक्यता ६ टक्क्यांवर येते, म्हणजे ९४ टक्के वेळा कुठे ना कुठे चोर सापडतो. राज्याचा निकाल फिरवणं म्हणूनच फार धाडसाचं काम आहे. एखादी चुरशीची जागा मात्र या तपासणीने नीट राखली जात नाही. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. अशा जागी एकच केंद्र पुरतं, आणि ते एक केंद्र पाचांत न येण्याची शक्यता आठात सात. त्या जागी काही गडबड झाली असं मी मुळीच म्हणत नाही, मी फक्त हिशेब दाखवतोय. माझं मत विचाराल तर अंतर जितकं कमी तितक्या जास्त केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्यात, शंभरच्या आत असेल तर सगळ्या. चाळीस केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला कितीसा वेळ लागणार? आपल्याकडे लग्नाच्या याद्या याहून जास्त वेळ घेतात.

पण आजोबा, यंत्र म्हणजे माझ्या त्या चाकासारखं. सगळे त्याच्याकडे टक लावून बघतात. त्याच्या आधी काय भरलं आणि त्याच्या नंतर काय झालं तिकडे बघणारे थोडे.

आधी म्हणजे मतदारयादी. २०२५ च्या नोव्हेंबरपासून गोव्यात याद्यांचं विशेष पुनरीक्षण झालं, जुन्या यादीशी नावं जुळवायची होती. आता आपल्याकडचं नाव जुळवणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. माझ्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसता के. माझ्या आधारवर दोन शब्दांच्या मध्ये जागा जास्त. माणसाला तिन्ही एकच दिसतात, सॉफ्टवेअरला तीन वेगळी माणसं. मी स्वतः अशी नावं जुळवणारा कोड लिहिलाय, त्यामुळे सांगतो: "किती टक्के जुळलं तर एकच माणूस समजायचं" हा आकडा कुणीतरी एका टेबलावर बसून ठरवतो. तो थोडा वर ठेवला तर खरी माणसं यादीबाहेर जातात, खाली ठेवला तर खोटी आत येतात. हा तांत्रिक आकडा नाही, तो राजकीय आकडा आहे, आणि तो ज्याने ठरवला त्याला कुणी मत दिलेलं नसतं. तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावं आजच यादीत बघा, स्पेलिंगसकट. निवडणूक जाहीर झाल्यावर नको.

आणि नंतर म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला हवं असं नाही. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत मतदान झालं, मार्चात निकाल लागला, काँग्रेसचे अकरा निवडून आले आणि १४ सप्टेंबरला त्यातले आठ भाजपमध्ये. माझं एकही मत कुठल्याही यंत्राने चुकीचं मोजलेलं नव्हतं. चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसली, मी चिन्ह वाचलं, बरोबर होतं. त्या चिन्हाचं पुढे काय झालं ते दाखवणारी काच अजून कुणी बसवलेली नाही. पक्ष कुठला हा प्रश्न नाही, आपल्याकडे यात सगळ्यांचे हात वेळोवेळी ओले झालेत.

असो, ताई, पुन्हा तुमच्या पीसीकडे येतो. मुलाने तीन महिन्यांत गेम पूर्ण केला आणि तुम्ही पीसी घ्यायचं ठरवलं, तर लॅपटॉप नको, डेस्कटॉप घ्या. त्याचे भाग एकेक करून बदलता येतात. डिचोलीला समुद्राची खारी हवा नाही, मांद्रे-मोरजीकडच्या लोकांच्या मदरबोर्डावर चढतो तसा हिरवा थर तुमच्याकडे चढायचा नाही, पण दमट हवा आहेच. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा, बंद पडून राहिला तर लवकर खराब होतो. यूपीएस घ्याच, ग्राफिक्स कार्डात हजार-दोन हजार कमी करून घ्या. आणि मुलगा म्हणेल नेट स्लो आहे, पिंग (सर्व्हरचं उत्तर यायचा उशीर) जास्त आहे. त्याला सांगा, मुंबईच्या सर्व्हरपर्यंत प्रकाशाला जाऊन यायला सहा-सात मिलिसेकंद पुरतात, बाकीचा उशीर वाटेतल्या यंत्रांचा आणि घरातल्या वायफायचा. पंधरा मीटरची केबल टाकली की निम्मी तक्रार जाते.

फक्त मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या आसपास, संध्याकाळी गडगडायला लागलं की विजेचा प्लग काढता तशी ती केबलही राउटरमधून काढायची. गेल्या ऑक्टोबरात भाच्याने प्लग काढला होता, केबल विसरला. राउटर गेला, त्याच्यामागे लॅपटॉपचं नेटवर्क पोर्टही गेलं. कुर्लीचा गेम तेवढा वाचला, कारण त्याची एक प्रत माझ्याकडे होती.